इटालियन कुटुंब शंभर वर्षांत कसं बदललं, ते कसं शोधायचं

इटालियन फॅमिली म्हटलं की लांबलचक टेबल, वीस माणसं आणि मधे आजी असंच डोळ्यासमोर येतं. ते बाजूला ठेवा, एकच घराणं धरा आणि त्याच्या तीन पिढ्या बघा.

आधी गाव विचारा. मध्य इटलीतल्या तोस्काना, उंब्रिया, मार्के या प्रांतांपैकी कुठलं असेल तर शेती अर्धेलीने, म्हणजे मेद्झाद्रियावर होती का ते बघा, कारण अर्धं पीक मालकाला द्यायचं तर राबायला हात भरपूर लागायचे, म्हणून भाऊ-भावजया सगळे एका छपराखाली आणि लग्नाला सुद्धा बरेचदा मालकाची परवानगी. 1964 च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले, पण तोवर तरुण पोरं मिलान-तोरिनोच्या फॅक्टऱ्यांत गेलीच होती. दक्षिणेत मात्र शेतमजुरांची घरं आधीपासूनच छोटी असायची, त्यामुळे सगळ्या इटलीला एकच नियम लावू नका.

कागद हवे असतील तर आन्तेनाती या सरकारी पोर्टलवर जुन्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी फुकट बघता येतात. जन्मनोंदीचा समास नक्की वाचा, पुढे झालेलं लग्न बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आजीचं लग्न 1975 च्या आधीचं का नंतरचं ते विचाराच. त्या वर्षीच्या कायद्याने नवरा-बायको बरोबरीचे झाले, मुलांवरचा हक्क एकट्या बापाचा राहिला नाही आणि हुंडाही गेला. घटस्फोट 1970 ला आला, 1974 च्या सार्वमतात सुमारे 59 टक्के लोकांनी तो टिकवला. आणि सिसिलीतल्या फ्रांका व्हियोलाबद्दल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज. 1965 मध्ये एका माणसाने तिला पळवून नेऊन बलात्कार केला, त्याच माणसाशी लग्न केलं असतं तर कायद्याने तो सुटला असता, पण सतरा वर्षांच्या त्या मुलीने ठाम नकार दिला, वडील तिच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याला शिक्षा झाली. ते कलम जायला 1981 उजाडलं! म्हणून नुसत्या कायद्यांच्या तारखांवर विसंबू नका, घराघरात बदल बरेचदा आधी झालाय.

नातवंडांना विचारताना जपून. 1964 ला देशात दहा लाखांवर मुलं जन्मली, 2023 ला चार लाखही नाहीत, आणि तिशीपर्यंत आईवडिलांकडे राहणं तिथे कॉमन आहे. त्याला आळस म्हणू नका, नोकरी पक्की आहे का आणि घरभाडं किती ते विचारा. शेवटी आजीला कोण सांभाळतं तेही विचारा, बऱ्याच घरांत युक्रेन किंवा रोमानियाहून आलेली बादान्ते, म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणारी पगारी बाई असते, वंशावळीत ती कधीच दिसत नाही, तुमच्या नोंदीत तिचं नाव लिहा.