युद्ध पेटणार का यावर पैज लावताय? आधी या चुका टाळा

ठाणे-वाशी लोकलमध्ये हल्ली क्रिकेटपेक्षा जास्त चर्चा या विषयाची असते, अमुक देश तमुक देशात सैन्य घुसवणार का. ऐरोलीला उतरेपर्यंत निम्मा डबा लष्करी तज्ज्ञ झालेला असतो. बोलण्यापर्यंत ठीक आहे, पण काही जण त्यावर खरे पैसे लावतात. माझा नेरुळचा मावसभाऊ त्यातलाच, आणि गंमत म्हणजे त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो तरी पैसे जातात. कसे ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरचा प्रश्न वाचायचा आणि खालचे नियम सोडून द्यायचे. 3 जानेवारी 2026 ला अमेरिकेचे सैनिक थेट व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये उतरले आणि राष्ट्राध्यक्ष मादुरोला उचलून घेऊन गेले. आता कोणालाही विचारा, दुसऱ्याच्या देशात घुसून राष्ट्राध्यक्ष उचलला म्हणजे आक्रमण झालं की नाही? पण पॉलीमार्केट या अशा पैजा लावायच्या वेबसाइटवर अमेरिका व्हेनेझुएलावर आक्रमण करणार का असा सौदा होता, आणि त्यांनी सांगितलं की हे त्यात बसत नाही, कारण नियमात भूभागावर ताबा मिळवायच्या हेतूने केलेली लष्करी चढाई असं लिहिलेलं. 'हो'वर पैसे लावलेले बोंबलत बसले. म्हणजे पैज युद्धावर नसतेच हो, ती त्या चार ओळींच्या व्याख्येवर असते. कमांडो रेड धरतात का, फक्त विमानं आणि ड्रोन आले तर काय, सैन्य घुसलं हे कोणी जाहीर करायला हवं, हे सगळं आधी बघायचं. इस्रायलने 1 ऑक्टोबर 2024 ला लेबनॉनमध्ये सैन्य पाठवलं तेव्हा स्वतः त्याला मर्यादित कारवाई म्हटलं होतं, गाझात 13 ऑक्टोबर 2023 ला छोट्या धाडी झाल्या आणि मोठं सैन्य शिरलं 27 तारखेला. मग सुरुवात कधीची धरायची? नियमात जे लिहिलंय तेव्हाची, आपल्याला वाटते तेव्हाची नाही.

दुसरी चूक, सीमेवर रणगाडे दिसले की झालंच असं समजायचं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 ला ऑपरेशन पराक्रममध्ये आपलं सैन्य जवळपास दहा महिने सीमेवर उभं होतं, आत गेलं नाही. 1999 ला नाटोने कोसोवोसाठी 78 दिवस बॉम्ब टाकले, जमिनीवरून हल्ला केलाच नाही. उलट 24 फेब्रुवारी 2022 च्या आदल्या दिवसापर्यंत कित्येक जाणकार म्हणत होते रशिया युक्रेनला फक्त घाबरवतोय. म्हणजे रणगाडे मोजून दोन्ही बाजूंनी आपटता येतं. आणि टीव्हीवर तर अजिबात जाऊ नका, 8 मे 2025 च्या रात्री आपल्या काही चॅनेल्सनी कराची बंदर उडवलं होतं, सकाळी बंदर जागेवर.

मावसभाऊ अडकला तो तारखेत. सैन्य घुसणार हे बरोबर, पण 31 तारखेच्या आत घुसायला हवं होतं. 1991 च्या आखाती युद्धात हवाई हल्ले 17 जानेवारीला सुरू झाले आणि जमिनीवरची लढाई 24 फेब्रुवारीला, पाच आठवडे मध्ये गेले, त्यामुळे महिन्याभराची पैज असती तर "बरोबर ओळखणारा" पण बुडाला असता. शिवाय डेडलाइन बऱ्याचदा न्यूयॉर्कच्या घड्याळाने असते, तिथले रात्रीचे 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29, हिवाळ्यात 10:29.

अशा पैजेत 'हो' बरोबर आलं तर एका 'हो'चे 100 सेंट मिळतात, पण स्क्रीनवर त्याची किंमत 11 सेंट दिसते म्हणून 11 टक्के शक्यता असं धरू नका. विकत घेणारा 8 देतोय आणि विकणारा 14 मागतोय, मधला आकडा 11. तुम्ही घेणार 14 ला, घाबरून लगेच विकलंत तर मिळणार 8. बातमी आल्यावर धावणाऱ्यांचं हे हमखास होतं.

आता पैशाचं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं, पण म्हणून रस्ता मोकळा असं नाही, फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांमध्ये जुगारासाठी पैसे बाहेर पाठवणं बसत नाही. मग लोक अनोळखी माणसाकडून यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं) घेतात, जिंकल्यावर तसंच अनोळखी माणसाला विकतात, तेव्हा समोरच्याचा पैसा फ्रॉडचा निघतो आणि आपलं सेव्हिंग अकाउंट फ्रीझ, ईएमआय बाऊन्स. आमच्या ऑफिसमधल्या एकाचं झालंय, पैजेत जिंकला होता बिचारा!

अकाउंट फ्रीझ झालं तर आधी बँकेत जाऊन कुठल्या पोलीस स्टेशनने होल्ड लावलाय आणि तक्रार नंबर काय ते लेखी घ्या, नुसतं कस्टमर केअरला फोन करून काही हलत नाही. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, चॅट, स्टेटमेंट डिलीट करू नका. आणि टेलिग्रामवर "युद्धाची आतली टिप" म्हणून कोणी पैसे घेऊन गायब झालं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता आले तर आले, नंतर ते चार खाती फिरून झालेले असतात.