अमेरिकेत सहलीचा ट्रेलर ओढायला सेकंडहँड गॅस (पेट्रोल) पिकअप: बघायला जाण्याआधी आणि गेल्यावर

आधी ट्रेलर ठरवा, पिकअप नंतर. ट्रेलर विकत घ्यायचा नसेल, दर उन्हाळ्यात भाड्यानेच आणायचा असेल, तरी कुठल्या मापाचा आणायचा ते कागदावर लिहा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात एक स्टिकर असतं, त्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर हा आकडा घ्यायचा, म्हणजे पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन. माहितीपत्रकात ठळक छापलेलं कोरडं वजन विसरून जा. कोरडा ट्रेलर फक्त विक्रेत्याच्या आवारात उभा असतो. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड वाढतात. भांडी, गाद्या, खुर्च्या, किराणा हे वेगळंच.

समजा ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ७,००० पौंड आहे. ओढताना ट्रेलर शेपटीसारखा हलू नये म्हणून त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या (पिकअपला ट्रेलर जोडण्याच्या सांध्याच्या) गोळ्यावर पडावा लागतो. त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर ९१० पौंड. हा सगळा भार पिकअपच्या पाठीवर येतो. त्यात आईवडील आणि दोन मोठी मुलं यांचे ५८० पौंड, भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणाऱ्या, म्हणजे वजन विभागणाऱ्या हिचचे ८०, मागच्या हौद्यातला जनरेटर, सायकली आणि कूलर यांचे २०० मिळवा. बेरीज १,७७० पौंड.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरचं स्टिकर दिसेल. प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा त्या एका गाडीचा पेलोड. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीचा वेगळा असू शकतो. ‘ही दहा हजार पौंड ओढते’ असं विकणारा सांगेल आणि ते खोटंही नसेल. पण स्टिकरवर १,४५० लिहिलं असेल तर वरच्या हिशोबात ती गाडी बसत नाही. अर्ध्या टनाच्या (एफ-१५०, रॅम १५०० अशा; हे नुसतं वर्गाचं नाव) पिकअपमध्ये ओढण्याची ताकद बहुतेक वेळा शिल्लक असते, आधी संपतो तो पेलोड. चार दारांची मोठी केबिन, फोर बाय फोर, काचेचं छत, चामड्याच्या थंडगरम सीटा, यातली प्रत्येक गोष्ट पेलोड खाते. म्हणून सगळ्यात महागडी, नटलेली पिकअप ओढण्याच्या कामाला बऱ्याचदा साध्या पिकअपपेक्षा कमी पडते. जाहिरातीत या स्टिकरचा फोटो नसेल तर फोन करून मागवा. तो न पाठवणाऱ्याकडे शंभर मैल गाडी हाकत जाण्यात अर्थ नाही.

हिशोब १,६०० च्या वर गेला तर एफ-२५०, सिल्व्हराडो २५००एचडी, रॅम २५०० या पाऊण टनाच्या गॅस गाड्या आधी बघा. त्यांचा पेलोड साधारण अडीच ते साडेतीन हजारांत असतो. रोज ऑफिसला न्यायला त्या ताठ आणि खादाड वाटतात, हे मान्य. पण वर्षातून आठ-दहा वेळा ट्रेलर ओढायचा असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. डिझेल इंजिनाचंच वजन इतकं की त्याच गाडीचा पेलोड कमी होतो, शिवाय धुराच्या फिल्टरची आणि डीईएफची (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाची) डोकेदुखी. जुन्या गाडीत ही दुरुस्ती महाग पडते. (महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना फोनवर ‘गॅसची पिकअप घेतली’ म्हणालात तर ते सीएनजी समजतील. इथे गॅस म्हणजे पेट्रोल.)

दुसरा आकडा मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअर-गुणोत्तराचा, म्हणजे चाकं एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो त्याचा. एकच इंजिन, एकच वर्ष, पण ३.२१ आणि ३.९२ या गुणोत्तरांच्या दोन रॅम १५०० मध्ये ओढण्याच्या क्षमतेत हजारो पौंडांचा फरक पडतो. आकडा मोठा तितकी चढावर सोय आणि सपाट रस्त्यावर गॅस थोडा जास्त. फोर्डमध्ये अ‍ॅक्सलचा कोड दारावरच्या दुसऱ्या (टायरच्या नव्हे) स्टिकरवर असतो. २०१० च्या दशकातल्या बऱ्याच जीएम (शेवरले, जीएमसी) गाड्यांत ग्लव्ह बॉक्समध्ये तीन अक्षरी कोडांचा कागद चिकटवलेला असतो: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, झेड८२ म्हणजे ट्रेलरचं पॅकेज, जेएल१ म्हणजे कंपनीने बसवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. गाडी उंच करून ३५ इंची टायर चढवलेले असतील तर भाव ऐकण्याआधीच मागे फिरा. ३२ इंचाच्या जागी ३५ इंच आले की ३.७३ चं गुणोत्तर प्रत्यक्षात ३.४१ सारखं वागतं, आणि उंच गाडीत हिचची उंची जमवायला खाली लोंबणारा लांब दांडा लावावा लागतो.

इंजिनांबद्दल थोडं. २००४ ते २०१० च्या एफ-१५० मधलं तीन व्हॉल्व्हचं ५.४ लिटर स्वस्तात मिळतं आणि त्याचं कारणही आहे: कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) खडखडतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत स्पार्क प्लग काढताना हेडमध्येच तुटतात. २०११ नंतरचं ५.० व्ही८ बरंच भरवशाचं, मात्र २०१८ ते २०२० च्या काही गाड्या तेल पितात. फोर्डचंच टर्बोवालं ३.५ इकोबूस्ट ओढायला फार छान, उंचीवर टर्बोमुळे दमतही नाही. पण थंड सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला, विशेषतः २०१७ ते २०२० च्या गाडीत, तर फेझरचं काम निघालं आणि त्याला काही हजार डॉलर लागतात. जीएमचं ५.३ आठातले चार सिलिंडर बंद करून गॅस वाचवतं. ती यंत्रणा २००७ पासून लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे छोटे भाग) खात आली आहे. रॅममधलं हेमी ५.७ थंड असताना टिकटिकत असेल आणि गरम झाल्यावर गप्प होत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे) बोल्ट तुटलेत, सहसा मागचे. गरम होऊनही टिकटिक चालूच आणि इंजिन अडखळतंय तर कॅम आणि लिफ्टर गेले समजा. २००७ ते २०२१ च्या टोयोटा टुंड्रातलं ५.७ दणकट आहे, पण पेलोड तोकडा, तहान मोठी आणि बर्फाळ राज्यांतल्या गाड्यांत फ्रेमचा गंज. पाऊण टनात जीएमचं २०१९ पर्यंतचं ६.० आणि फोर्डचं ६.२ ही दोन्ही जुन्या वळणाची, टर्बोशिवायची, कुठल्याही गावच्या मेकॅनिकला कळणारी इंजिनं. कोलोरॅडोत जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे ३८० हॉर्सपॉवरचे अडीचशेच्या आसपास उरतात.

बघायला जाताना पिशवीत टॉर्च, जुना टॉवेल, पाठीखाली अंथरायला पुठ्ठा, टायरच्या हवेचा गेज, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि छोटी हातोडी घ्या. ‘मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, कारण वरचे बहुतेक आवाज थंड इंजिनातच ऐकू येतात. बॉनेट उघडून, कान इंजिनाकडे ठेवून, दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा.

मग पुठ्ठा टाकून खाली शिरा. फ्रेमवर वरवरचा तांबूस थर चालतो, पापुद्रे सुटलेले चालत नाहीत. हातोडीने हलकं ठोकत जा: धड लोखंड टणकन वाजतं, सडलेलं बद्द. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांशी आणि हिचच्या जोडांशी जास्त वेळ घाला. नुकताच फासलेला काळा रंग दिसला तर तिथे दुप्पट ठोका. ब्रेकच्या नळ्या बोटाने चाचपा. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याच्या) झाकणाखाली ओल नको.

पाट्या आणि फ्रेम यांच्या मध्ये हवेच्या फुगवायच्या पिशव्या बसवलेल्या असतील तर गाडीने जड ओझं ओढलंय. त्यात गैर काही नाही, पण त्या पिशव्यांनी पेलोड वाढतो असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. बूड वर उचललं जातं, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो.

हिचच्या चौकोनी नळीवरही एक स्टिकर असतं आणि त्यात दोन ओळी असतात. नुसत्या गोळ्यावर ओढायचं तर उदाहरणार्थ ५,००० पौंड आणि ५०० चा टंग, वजन विभागणारी हिच लावली तर त्याच्या दुप्पट. आपला ७,००० चा ट्रेलर अशा गाडीवर नुसत्या गोळ्याने ओढता येणार नाही. पिनचं भोक गोल आहे की लांबट झालंय ते टॉर्च मारून बघा. ट्रेलरची वायर जोडायच्या सात पिनांच्या सॉकेटचं झाकण उघडा: हिरवट बुरशी म्हणजे आत पाणी. ब्रेक कंट्रोलर नसेल तर तो बसवता येतो, अवघड काम नाही. पण बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि ते चालवायला कंट्रोलर हवाच.

टायर दोन कारणांसाठी बघायचे. बाजूला ‘डीओटी’च्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, असे टायर बदलण्याचे पैसे भावातून कापायचे. दुसरं, मापाच्या आधी एलटी (ट्रकचा टायर) आहे की पी (प्रवासी गाडीचा). पी टायरची बाजू मऊ असते आणि मागे ट्रेलर असला की गाडी डुलते.

गिअरबॉक्समध्ये तेल मोजायची दांडी असेल तर तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर चांगलं, तपकिरी आणि करपलेल्या वासाचं असेल तर ते कधी बदललं याची पावती मागा. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ हे ओढणाऱ्या गाडीला लागू नाही. डॅशबोर्डच्या मेन्यूत इंजिनाचे तास दिसत असतील तर मैलांना तासांनी भागा. ९०,००० मैल आणि ३,००० तास म्हणजे सरासरी ताशी ३० मैल, ठीक. तेच ६,००० तास असतील तर ती गाडी कुठल्या तरी बांधकामावर दिवसभर एसी लावून उभी होती. मैल कमी दिसतात, इंजिन तेवढं तरुण नाही.

चालवायला किमान अर्धा तास घ्या, त्यात हायवे आणि एक चढ हवा. ताशी ४० ते ५० मैलांच्या वेगात हलक्या पायाने चालवा: रस्त्यावरच्या पांढऱ्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर दोष टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा). जीएमच्या आठ गिअरच्या गाड्यांत हे बरंच होतं आणि कधीकधी योग्य तेल भरून सुटतं, पण ‘कधीकधी’वर पूर्ण किंमत मोजायची नसते. ५५ च्या पुढे मागून घुमल्यासारखा आवाज म्हणजे डिफरन्शियलची बेअरिंगं. टो-हॉलचं (ओझं ओढण्यासाठीचं) बटण दाबून उतारावर ब्रेकला हलका स्पर्श करा, गाडीने स्वतःहून गिअर खाली घ्यायला हवा. गिअरबॉक्सचं तापमान २०० फॅरनहाइटच्या आसपास असावं. रिकाम्या गाडीत ते २३० ला टेकलं तर ट्रेलर लावल्यावर काय होईल ते सांगायला नको.

परत आल्यावर स्कॅनर लावा. कोड नसणं पुरेसं नाही. गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्या पूर्ण झालेल्या आहेत का तेही बघा. बहुतेक तपासण्या ‘अपूर्ण’ असतील तर बहुधा नुकतेच कोणीतरी कोड पुसलेत. टायटलवर (मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेज (विम्याने भंगारात काढलेली), पूर, बँकेचं कर्ज काही आहे का, आणि एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) टाकून रिकॉल (कंपनीने फुकट करून द्यायच्या दुरुस्त्या) बाकी आहेत का, हे पैसे देण्याआधी. त्रयस्थ मेकॅनिकची तपासणीही त्याआधीच. विकणारा त्याला नाही म्हणत असेल तर तेच उत्तर.

सौदा झाल्यावर गिअरबॉक्स, डिफरन्शियल, कूलंट आणि ब्रेकचं तेल बदलून टाका आणि तारीख लिहून ठेवा. टाकी २६ गॅलनची आणि ओढताना मायलेज ९ धरलं तर थोडा साठा राखून २०० मैलांवर पंप शोधायचा. पहिल्या सहलीच्या आदल्या आठवड्यात पाणी, सामान, मुलं सगळं भरून ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मागच्या चाकांचा आकडा दारावरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. जास्त निघाला तर आधी हौद्यातला जनरेटर उतरवा, मग ट्रेलरच्या पुढच्या कपाटातलं जड सामान त्याच्या अ‍ॅक्सलच्या वर सरकवा आणि पुन्हा वजन करा. टंग १० टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ देऊ नका.