पहिला चेनसॉ घेताना: इंजिन केवढं, बार केवढा

झाडकामात नव्याने उतरणारी मुलं आधी कंपनी विचारतात, मग "बार (ज्यावरून चेन फिरते ती पुढची लांब पट्टी) केवढा घेऊ?" खरं तर दोन्हींच्या आधी बघायचं ते हे, की रोज कापायला येणारं लाकूड किती जाडीचं असणार आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या चिंचेच्या बुंध्यासाठी मशीन घेतलंत, तर उरलेलं वर्षभर ते ओझं उगाच वागवावं लागतं.

मी दापोली-गुहागर पट्ट्यात काम करतो. इथलं काम म्हणजे आंब्याची छाटणी, घरावर कललेला नारळ उतरवणं, बांधावरचा साग, आणि पावसाळ्यात रस्त्यावर आडवी झालेली झाडं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर आमच्याकडे वाडीवाडीत कटर मशीन (चेनसॉला इकडे हेच म्हणतात) आलं. त्यातली बरीच ऑनलाइन मागवलेली, ५८ सीसी आणि २२ इंची बारची. स्वस्त आणि दिसायला दणकट. आज त्यातली निम्मीशिमी पडवीत धूळ खात पडली आहेत. मशीन वाईट होतं असंही नाही. एवढा बार पेलायची कुणाला गरजच नव्हती, आणि पार्ट कुठे मिळतात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

बार लांब झाला की काय होतं? पहिलं म्हणजे वजन पुढे सरकतं. फांद्या छाटताना मशीन दिवसभर कमरेच्या उंचीवर धरायचं असतं, तेव्हा पुढचे चार इंच मनगटाला आणि कमरेला दुपारपर्यंत कळतात. दुसरं, इंजिनाला जास्त चेन ओढावी लागते. बार लाकडात पूर्ण बुडाला की वेग पडतो, आणि मग माणूस मशीनवर रेलून दाबायला लागतो. तिसरं धारेचं. २२ इंची चेनला साधारण ८६ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या) असतात, दर दोन लिंकमागे एक दात, म्हणजे ४३ दात. १८ इंचीला ७२ धरल्या तर ३६ दात. प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात, दिवसातून दोनदा. हिशोब तुम्हीच करा.

चौथं कारण मात्र जिवाशी खेळणारं आहे. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग चालू असताना कशालाही टेकला, मागच्या फांदीला, दगडाला, शेजारच्या ओंडक्याला, तर बार उसळून वर आणि मागे, थेट चेहऱ्याकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, सावरायला वेळ मिळत नाही. बार जितका लांब, तितकं त्याचं टोक तुमच्या नजरेपासून दूर, आणि पडलेल्या झाडाच्या गचपणात ते नेमकं कुठे आहे हे कळत नाही. म्हणून चेन ब्रेक (बार उसळला की चेन तिथल्या तिथे थांबवणारा ब्रेक) नसलेलं किंवा तो काढून टाकलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेला हवा, नुसता वर ठेवलेला नको. सुरुवातीला कमी किकबॅकची चेन मागा. थोडी हळू कापते, कापू दे.

आता आकडे. ३० ते ३५ सीसीला १४ इंच, फार तर १६. ४० ते ४५ सीसीला १६, आणि इंजिन चांगलं असेल तर १८. ५० ते ६० सीसीला १८ ते २०. २४ इंच हवा असेल तर ७० सीसीच्या आसपास जा. श्टील कंपनीचं एमएस १८० साधारण ३२ सीसीचं, एमएस २५० आणि हुस्क्वर्ना कंपनीचं ४४५ हे दोन्ही ४५ सीसीच्या आसपासचे, एमएस ३८२ हे ७२ सीसीचं. या शिड्या डोक्यात ठेवल्या की दुकानात गोंधळ होत नाही. कोकणातल्या मिश्र कामासाठी माझा सल्ला ४५ सीसी आणि १६ इंच. सागवान, बाभूळ, सुरू असं कठीण लाकूड जास्त असेल तर ५० सीसी आणि १८. नुसती बागेची छाटणी असेल आणि वीज हाताशी असेल, तर वायरवर चालणारं १६ इंची मशीनही वाईट नाही.

"मग तीस इंची आंबा कसा कापायचा?" हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही बाजूंनी. १८ इंची बारने साधारण त्याच्या दुपटीच्या जरा आतली जाडी निघते. झाड पाडताना ज्या दिशेला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खोल. मग मागून कापत यायचं आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी बिजागरीसारखी सोडायची. ती पट्टी झाडाला दिशा देते. ती कापून टाकलीत तर झाड कुठेही जाईल. मागच्या चिरेत लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकायची, लोखंडाची नको, चेन तिला लागली तर दात जातात. हे सगळं आधी कुणा जाणत्याच्या हाताखाली बघा. वाचून झाड पाडू नये, हे लिहितानाही सांगतो.

बार बदलायचा झाला तर त्याच्या बुडाशी कोरलेलं वाचायला शिका. तिथे लांबी, पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी) आणि लिंकची संख्या असते. पिच मशीनच्या स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) जुळला पाहिजे, गेज बारच्या खाचेशी, आणि लिंक मोजून तितक्याच. कानसही पिचवर ठरते: बारीक थ्री-एट (३/८ इंच) लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, पॉइंट थ्री-टू-फाइव्हला (०.३२५ इंच) ४.८. भलतीच कानस घेऊन बसलात तर दिवसभर घासूनही चेन चालत नाही.

चेन बोथट झाली हे कापताना कळतं. धारदार चेन लाकडाच्या जाड चकत्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा. नारळाचं खोड आणि मातीला टेकलेला ओंडका हे दोन चेनचे वैरी. भुशाचं पीठ दिसलं की थांबा आणि कानस काढा, मशीनवर जोर देऊ नका.

तेलाची चाचणी दुकानातच घ्या. मशीन चालू करून बारचं टोक पुठ्ठ्याच्या जवळ, न टेकवता धरायचं आणि रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. लांब बारला छोट्या मशीनचा पंप कधी कधी पुरत नाही, हे इथेच दिसतं. इंजिनातून काढलेलं काळं तेल चेनला घालायची आपल्याकडे सवय आहे. पैसे वाचतात, पण त्यातली घाण पंपात बसते.

आणखी एक मागणी येईल: "भाऊ, याच मशीनने फळ्या पाडून द्याल?" नाही म्हणा. नेहमीची चेन आडवं कापायला घासलेली असते, उभं लाकूड चिरताना इंजिन तापतं आणि फळी वाकडीतिकडी निघते. ओंडके सॉमिलला पाठवा. तोडीच्या परवानगीचं मात्र आधी बघा. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ मधली झाडं मालकाने सांगितलं म्हणून पाडता येत नाहीत. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. कागद मालकाने आणायचा, पण तो बघितल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. विजेच्या तारेजवळ असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत हात लावायचा नाही.

झाडावर चढून छाटायचं असेल तर हे मशीन वर नेऊ नका. वर हँडल असलेली छोटी मशीनं त्यासाठी असतात, पण ती शिकलेल्यांसाठी. तोवर दोर, कोयता आणि हातकरवत.

बजेट ठरवताना निम्मं मशीनचं धरा. उरलेल्यात हेल्मेट आणि जाळी, कानाला मफ, जाड बूट, पायाला चेन अडवणारी पँट, दोन जास्तीच्या चेन, कानस, पाचरी. आणि तालुक्याला त्या मशीनचा मिस्त्री आहे का ते आधी विचारा. पेट्रोलमध्ये टू-टी तेल पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच घाला, बहुतेकांत ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरच्या डायफ्रामला (आतल्या पातळ पडद्याला) खातं. महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा.