स्पोर्ट्सवेअरच्या धंद्यात या चुका टाळा

ऑगस्ट २०२२ अखेरच्या तिमाहीत नायकीची विक्री जेमतेम ४ टक्क्यांनी वाढली आणि शिल्लक माल ४४ टक्क्यांनी. जहाजं उशिरा आली, गेल्या हंगामाचा माल या हंगामात उतरला, पुढचा माल घाईने आधीच मागवून ठेवला होता. ही सगळी कारणं खरी होती. पण खेळाच्या बुटा-कपड्यांच्या धंद्यात बिघाड झाला की तो सगळ्यात आधी इथेच दिसतो. जाहिरात गाजत असते, करारातले खेळाडू पदकं जिंकत असतात आणि गोदामात पाय ठेवायला जागा नसते.

यातल्या बऱ्याच मोठ्या चुकांच्या मुळाशी मला एकच गैरसमज दिसतो: माल आपल्या हातून सुटला की तो विकला गेला. दुकानदाराने घेतलेला बूट अजून कोणाच्याही पायात गेलेला नसतो.

दुकानात कोंबलेला माल

अंडर आर्मरचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं आहे. वर्षानुवर्षं दर तिमाहीला २० टक्क्यांहून जास्त वाढ दाखवणारी ही कंपनी २०१५च्या उत्तरार्धात अडखळू लागली. मग पुढच्या तिमाहीत जायचा माल याच तिमाहीत घ्या, असं दुकानदारांना सांगणं सुरू झालं. सलग सहा तिमाहींत मिळून सुमारे ४० कोटी ८० लाख डॉलरच्या ऑर्डर अशा पुढे ओढल्या गेल्या. गुंतवणूकदारांना याची कल्पना दिली नाही म्हणून अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने आरोप ठेवले. २०२१ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने ९० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. दंडापेक्षा मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. पुढच्या तिमाहीतून उसनं घेतलं की ती तिमाही तेवढीच रिकामी होते, मग तिच्या पुढचीतून अजून जास्त उचलावं लागतं.

चीनच्या ली-निंगचंही दुखणं याच जातीचं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये संस्थापक जिम्नॅस्ट ली निंग दोरांवर तरंगत स्टेडियमभर फिरले आणि त्यांनी ज्योत पेटवली. यापेक्षा मोठी जाहिरात कुठल्या ब्रँडला मिळणार? त्या लाटेवर दुकानं वाढली, २०१० मध्ये नवा लोगो आला, तरुणांना धरायचं म्हणून किमतीही चढल्या. वितरकांकडे मात्र जुना माल साचत गेला. २०१२ मध्ये कंपनीला जवळपास २ अब्ज युआनचा तोटा झाला आणि वितरकांकडचा माल मोकळा करायला स्वतःचेच पैसे ओतावे लागले.

अशा वेळी काय तपासायचं? दुकानाला किती जोड दिले हा आकडा बाजूला ठेवा. त्यातले किती जोड पूर्ण किमतीला ग्राहकाकडे गेले, ते दर आठवड्याला मागवा. तिमाहीच्या शेवटच्या दहा दिवसांत विक्री उसळत असेल, दुकानदार उधारीची मुदत वाढवून मागत असेल, मधले साईझ संपून फक्त कडेचे उरले असतानाही वर नवी ऑर्डर टाकली जात असेल, तर थांबा. आणि सवलत हा उपाय जपून वापरा. दोन हंगाम सलग सेल लावला की ग्राहक तिसऱ्या हंगामात सेलचीच वाट बघतो. ती सवय मोडायला लावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

दुकानदाराला वाऱ्यावर सोडणं

नायकीकडे परत येऊ. २०२० नंतर कंपनीने स्वतःचं अ‍ॅप आणि स्वतःची दुकानं यांवर जोर दिला आणि कित्येक होलसेल दुकानदारांशी व्यवहार बंद केला. कागदावर हे फार देखणं दिसतं. मधल्याचा नफा आपल्याकडे, ग्राहकाची माहिती आपल्याकडे. महासाथीत दुकानं बंद होती, लोक घरून मागवत होते, तेव्हा तर हा निर्णय द्रष्टेपणाचा वाटला.

पण दुकानातली फळी रिकामी राहत नाही. नायकीने सोडलेल्या जागेवर ऑन आणि होकासारखे नवे ब्रँड येऊन बसले. धावायला लागलेला माणूस दुकानात येतो, तीन-चार जोड घालून बघतो, विक्रेत्याला विचारतो. ज्या ब्रँडचा बूट समोर नाही त्याचं नाव विक्रेता कशाला काढेल? इकडे अ‍ॅपवर एअर फोर्स वन, डंक आणि जॉर्डन वन या तीन जुन्या बुटांचेच रंग बदलून येत राहिले आणि धावण्याच्या नव्या बुटांकडे दुर्लक्ष झालं. २८ जून २०२४ला नायकीचा शेअर एका दिवसात जवळपास २० टक्क्यांनी पडला. निवृत्त झालेले एलियट हिल ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी म्हणून परत आले. त्यांनी हाती घेतलेली पहिली कामं अगदी साधी होती: दुकानदारांशी पुन्हा जुळवून घ्यायचं, त्या तीन बुटांचा पुरवठा आवरायचा, सेल कमी करायचे.

थेट विक्री चुकीची नाही. चूक ही, की दुकान काय काम करतं ते न मोजता ते काढून टाकलं. मधला गेला तरी त्याचं साठवणं, दाखवणं, बदलून देणं आणि परत घेणं ही कामं उरतातच; ती आपल्या खर्चात येऊन बसतात.

नाव विकत घेतलं, मग करायचं काय?

आदिदासने रीबॉकसाठी ३.८ अब्ज डॉलर मोजले आणि २००६ मध्ये तिचा ताबा घेतला. हेतू उघड होता, अमेरिकेत नायकीला गाठायचं. नंतर एनबीए बास्केटबॉलचा करार रीबॉककडून आदिदासच्या नावावर गेला, आणि अमेरिकी फुटबॉलचा करार २०१२ मध्ये खुद्द नायकीने नेला. ब्रँड विकत घेऊन त्याची हत्यारं काढून घेतली तर उरतं काय? २०२१ मध्ये रीबॉक जास्तीत जास्त २.१ अब्ज युरोला विकायचा करार झाला. खरेदीआधीच कागदावर लिहा: दोन्ही ब्रँडचे ग्राहक वेगळे कसे, आणि कोणता खेळ कोणाचा.

एका माणसावर टांगलेला नफा

रॅपर कान्ये वेस्टबरोबरचा यीझी बुटांचा करार ऑक्टोबर २०२२ मध्ये तोडल्यावर आदिदासच्या पुढच्या वर्षाच्या विक्रीतून सुमारे १.२ अब्ज युरो जाण्याचा धोका उभा राहिला. २०२३ मध्ये कंपनीला तीन दशकांत पहिल्यांदा वर्षभराचा तोटा झाला. डिझाइनचे हक्क आदिदासकडे होते, म्हणून उरलेला माल टप्प्याटप्प्याने विकता तरी आला. करार करतानाच हे ठरवा: तो तुटला तर माल कोणाचा, नाव कोणाचं, विकायला मुदत किती. एका नावातून येणारा नफा एवढा फुगला असेल की ते नाव काढून ताळेबंद वाचायची भीती वाटते, तर तो तसाच एकदा वाचून बघाच.

हा काय खेळ आहे?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नायकी धावपटूंची कंपनी होती. बायका हॉलमध्ये संगीतावर व्यायाम करतात, याला तिथे कोणी खेळ मानत नव्हतं. रीबॉकने १९८२ मध्ये त्यांच्यासाठी मऊ चामड्याचा फ्रीस्टाइल बूट काढला आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या विक्रीत नायकीला मागे टाकलं. त्याआधी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या जॉगिंगकडे आदिदासने असंच दुर्लक्ष केलं होतं, आणि त्याचा फायदा उठवून मोठी झाली ती हीच नायकी.

हे दुखणं विक्रीच्या तक्त्यात उशिरा उमटतं, कारण जो ग्राहक कधी आपला नव्हताच तो गेल्याची नोंद होत नाही. म्हणून परत आलेले, झिजलेले बूट उघडून बघणारा एक माणूस ठेवा. धावण्याचा बूट बाजूने फाटलेला येत असेल, तर तो घालून कोणीतरी धावत नाही, दुसरंच काही करतंय.