राउटर आपोआप रीस्टार्ट होतोय? आधी अडॅप्टरकडे बघा

नेट दोन मिनिटं जातं आणि आपसूक परत येतं, तेव्हा आधी एवढंच ठरवा: राउटर खरंच रीस्टार्ट झाला, की नुसती बाहेरची लाइन तुटली? सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले तर रीस्टार्ट. फक्त इंटरनेटचा दिवा गेला तर लाइन. तुम्ही समोर नसताना झालं असेल तर ब्राउझरमधून राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन 'अपटाइम', म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. तिथे चार-पाच दिवस दिसत असतील तर राउटर बिचारा निर्दोष आहे, तक्रार नेट कंपनीकडे करा. लॉगवर, म्हणजे राउटरच्या घडामोडींच्या नोंदींवर, फार विसंबू नका. बहुतेक घरगुती राउटरांत तो रॅममध्ये असतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो. पहिल्या काही नोंदींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली तर तीही रीस्टार्टचीच खूण, कारण आतल्या घड्याळाला सहसा बॅटरी नसते. नेट जोडलं गेल्यावरच त्याला खरी वेळ कळते.

रीस्टार्ट नक्की झाला असेल तर फॅक्टरी रीसेटकडे धावू नका. पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. त्याच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे) वर्षानुवर्षं उष्णतेत राहून सुकतात. मग नुसता चालू असताना अडॅप्टर ठीक वाटतो, पण मोठं डाउनलोड सुरू झालं, चार मोबाइल एकदम जोडले गेले की करंटची मागणी वाढते, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि राउटर मान टाकतो.

इथे मल्टिमीटर हमखास फसवतो. मोकळ्या पिनवर १२.१ व्होल्ट दिसले म्हणून अडॅप्टर चांगला ठरत नाही. लोड देऊन, म्हणजे करंट ओढला जात असताना, मोजायला हवं. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या अडॅप्टरला गाडीचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब जोडा, साधारण ०.८ अँपिअर लोड मिळतो. दहा मिनिटं जळू द्या आणि मोजा. बल्ब तापतो, हात लावू नका. ११.४ व्होल्टच्या खाली आकडा गेला, सतत हलत राहिला किंवा बल्ब लुकलुकला तर अडॅप्टर बदला. मात्र काही मिलिसेकंदांची घसरण मीटरला दिसतच नाही. म्हणून चांगला चालणारा दुसरा अडॅप्टर दोन दिवस लावून बघणं ही सगळ्यात खात्रीची चाचणी.

तो दुसरा अडॅप्टर निवडताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. ९ च्या जागी १२ चालणार नाहीत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. राउटर लागेल तेवढंच घेतो. लेबलवरच्या गोलाच्या चित्रात मधलं टोक धन की ऋण, हे दोन्हीकडे जुळवा. आणि पिन नीट बघा: ५.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेल्या पिना दोन प्रकारच्या मिळतात, आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये बसते खरी, पण सैल बसते. वायरला धक्का लागला, टेबल हललं की राउटर बंद. पिन हलवून दिवे विझतात का, हे पाच सेकंदांत कळतं.

नवा अडॅप्टर लावूनही त्रास सुटला नाही तर राउटर कधी पडतो ते लिहून ठेवा. थंड असताना सुरूच होत नाही, दिवे लागतात-विझतात, आणि दहा मिनिटांनी तापल्यावर नीट चालतो? आतल्या बोर्डावरचे कपॅसिटर म्हातारे झालेत. गरम झाल्यावर ते तात्पुरते बरे वागतात. फुगलेली टोपी दिसली तर निदान पक्कं. बदलायचेच असतील तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (म्हणजे आतला रोध कमी असलेले) घ्या आणि पट्टीची ऋण बाजू चुकवू नका. अडॅप्टर मात्र उघडू नका. वीजपुरवठ्याच्या बाजूचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

उलट, सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासाने पडत असेल तर उष्णता. सेट-टॉप बॉक्सवरून उतरवा, जाळ्या मोकळ्या करा, एक दिवस टेबल फॅन सोडून बघा.

राउटरच्या यूएसबीला हार्डडिस्क असेल तर काढा; ती फिरायला लागताना अडॅप्टरवर एकदम ताण येतो. पाण्याचा पंप सुरू होताच पडत असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. मिनी यूपीएसही मधून काढून बघा: काही स्वस्त यूपीएस बॅटरीचं व्होल्टेज तसंच पुढे ढकलतात आणि तीन सेलची बॅटरी उतरत जाते तसे १२ चे १० व्होल्ट होतात.

रोज ठरावीक वेळीच होत असेल तर सेटिंगमध्ये वेळापत्रकी रीबूट चालू आहे का बघा. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट सगळ्यात शेवटी, आणि तेही नवा अडॅप्टर लावूनच; अपडेट अर्ध्यावर असताना वीज तुटली तर राउटर पुन्हा उठेलच असं नाही.