दहावी इंग्लिशचं गाइड घेताय? आधी दुकानातच हे बघा

गाइडं तीन-चार, सगळ्यांवर 'हमखास मार्क', नेमकं कुठलं घ्यायचं कळत नाही. बालभारतीचं पुस्तक सोबत न्यायचं (नसेल तर साइटवर पीडीएफ फुकट मिळते, मोबाइलवर चालते) आणि

१. गाइडात टागोरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' काढा
२. राइम स्कीम (कुठल्या ओळींचं यमक जुळतं ते) बघा. कविता मुक्तछंदात आहे, यमक जुळतच नाही, तरी तिथे एबीएबी (एकाआड एक ओळींचं यमक) छापलं असेल तर सरळ परत ठेवा, बाकी कवितांचंही तेच असणार
३. फिगर ऑफ स्पीच म्हणजे अलंकारापुढे कवितेतली ओळ दिलीय का बघा, नुसतं 'मेटाफर' (रूपक) लिहिलेलं काय कामाचं

सेकंडहँड घेत असाल तर धड्यांची यादी पुस्तकाशी ताडून बघा, सिलॅबस बदललेला असला तर ते गाइड रद्दीच.