विहिरींचा नकाशा दुसऱ्या संस्थेला द्यायचाय? आधी एवढं ठरवून घ्या

एकाच गावातल्या विहिरी तीन संस्थांनी तीनदा मोजलेल्या मी बघितल्यात, आणि तिसऱ्यांदा कुणी टेप घेऊन बांधावर गेलं की शेतकरी विचारतो, मागच्या वेळी मोजलं त्याचं काय झालं? ते कुणाच्यातरी लॅपटॉपमध्ये पडून असतं. तालुक्यात पाण्याचं काम करणाऱ्यांनी नकाशाचा डेटा एकमेकांना वापरता येईल असा कसा ठेवायचा ते सांगतो.

सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच सगळ्या संस्थांनी एकत्र बसून एक पानाचा करार करा. कोण काय मोजणार, कुठल्या महिन्यात (मे आणि ऑक्टोबरची पाणीपातळी एकाच कॉलममध्ये गेली की सगळं मुसळ केरात), चूक सापडली तर मूळ फाईल कोण दुरुस्त करणार, आणि तिसऱ्याला डेटा कुठल्या लायसन्सवर द्यायचा. लायसन्सचा विषय लोक टाळतात पण नंतर तिथंच अडतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, त्याचं लायसन्स ओडीबीएल आहे, म्हणजे त्यांचा डेटा घेतला तर त्यांचं नाव द्यायचं आणि त्यात भर घालून बनवलेला डेटाबेस जाहीर वापरला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवायचा. आणि गुगल मॅपवर बघून विहिरींची टिंबं ओपनस्ट्रीटमॅपवर टाकू नका, ते चालत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते, कोऑर्डिनेट, म्हणजे जागा सांगणारे आकडे. देवाणघेवाणीची फाईल डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसची अक्षांश-रेखांशाची पद्धत) मध्येच द्या, त्याचा कोड ईपीएसजी 4326. अंतर, क्षेत्रफळ काढायला यूटीएम (मीटरमध्ये आकडे देणारी पद्धत) घ्या पण महाराष्ट्र दोन झोनमध्ये येतो, 78 रेखांशाच्या पश्चिमेला 43 आणि पूर्वेला 44, त्यामुळे पुणे-नाशिकवाल्यांची सेटिंग नागपूर, चंद्रपूरला तशीच वापरू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (नकाशावरचा एक थर) चुकीच्या जागी दिसला की लोक 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेटची पद्धत) करून मोकळे होतात, त्यानं नुसतं लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. आकडे खरंच बदलायचे असतील तर 'रीप्रोजेक्ट लेयर'. आमच्याकडे एकदा पुण्याजवळच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसल्या, कारण अक्षांश आणि रेखांश उलटे भरलेले. जिओजेसन या नकाशाच्या फाईल प्रकारात रेखांश आधी येतो, 2016 च्या स्टँडर्डमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, पण आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो ना, तिथं गडबड होते.

वेगवेगळ्या संस्थांच्या फाईली गावाच्या नावावर कधीच जोडू नका. वडगाव किती आहेत, आणि एकच पिंपळगाव चार जण चार प्रकारे टाईप करतात. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा, मग तुमच्या विहिरी, दुसऱ्याची लोकसंख्या आणि तिसऱ्याचा पाऊस एका मिनिटात जुळतो.

फाईल शक्यतो जिओपॅकेज या प्रकारात द्या, त्यात सगळं एकाच फाईलमध्ये राहतं. शेपफाईल या जुन्या प्रकारात कॉलमचं नाव 10 अक्षरांवर कापलं जातं, देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती एक फाईल नसून तीन-चार असतात, मेलवर नेमकी पीआरजे (कोऑर्डिनेटची पद्धत सांगणारी फाईल) सुटते आणि समोरचा अंदाजानं पद्धत टाकतो. ऑनलाइन द्यायचं असेल तर त्याच्या दोन पद्धती आहेत, डब्ल्यूएमएसमधून नुसतं चित्र जातं आणि डब्ल्यूएफएसमधून खरा डेटा, हा फरक करार करतानाच बोलून घ्या.

परवानगीचं विचाराल तर फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय संस्थेला नकाशासाठी आधी परवानगी काढावी लागत नाही, पण जागेत 1 मीटर किंवा उंचीत 3 मीटरपेक्षा बारीक डेटा परदेशी संस्थेला स्वतः बनवता किंवा मालकीचा करता येत नाही, तो साठवायचाही भारतातच. मोबाईलच्या जीपीएसला याची फारशी अडचण येत नाही, पण ड्रोन सर्व्हे असेल आणि पैसे बाहेरून येत असतील तर आधी नीट वाचा.

आणि शेतकऱ्याचं नाव, मोबाईल नंबर वाटायच्या फाईलमधून काढाच, ते वेगळ्या फाईलमध्ये विहीर क्रमांकावर ठेवा. सोबत एक साधी टेक्स्ट फाईल जोडा, त्यात कुणी मोजलं, कधी, कशानं, पाणीपातळी जमिनीपासून की कठड्यापासून. शेवटचं नाही लिहिलं तर दोन-तीन फुटांचा फरक कुठून आला ते पुढच्याला कळत नाही, आणि पुन्हा कुणीतरी टेप घेऊन त्याच बांधावर जातं.